थांबायची जागा

आबाची हलगी थांबली तेव्हा मी 'वाट ही कुनाची'मधल्या शेवटच्या अक्षरावर होते आणि ते अक्षर मी मनसोक्त लांबवलं होतं. मला ते लांबवायला आवडतंच. नगरच्या कापडबाजाराच्या मागची ती गल्ली इतकी अरुंद आहे की दोन्ही बाजूंच्या माड्यांवरून आपला आवाज आपल्याकडं परत येतो, आपणच हाक मारावी आणि आपणच ओ द्यावी तसा. रविवारची सकाळ होती. आमच्या वस्तीच्या मंडळाची फेरी निघाली होती. पुढं झेंडा, मागं भिंगार कॅम्पातली आमची सगळी माणसं, मधे गळ्यात पेटी अडकवलेले कानिफनाथ मास्तर, त्यांच्या उजव्या हाताला माझा बाप, आबा, आणि डाव्या हाताला मी. खिडक्यांतून बाया बघत होत्या आणि त्या माझ्याकडंच बघत होत्या हे मला पक्कं ठाऊक होतं, कारण हे गाणं उचलायचं काम मंडळानं यंदा माझ्याकडं दिलं होतं आणि माझा आवाज, मीच सांगते, आता कुणाच्या बापाला आवरत नव्हता. गाणं मास्तरांनी बांधलेलं. मी विचारायचं, वाट ही कुनाची. मग हलगीनं एकटीनं एक तोड द्यायची. आणि मग सगळ्यांनी मिळून म्हणायचं, चालंल त्याची. मी विचारलं, आणि तोड आलीच नाही. आडात सोडलेली बादली पाण्याला लागायच्या आत दोर संपावा तसं झालं. माझा सूर वर लोंबकळत राहिला. म्हणायचं का थांबायचं हे मागच्या माणसांना कळेना. पेटी तेवढी भात्यातून वारा सोडत राहिली. मी मान वळवून पाहिलं. आबा चालत होता, पाय बरोबर पडत होते, नजर समोर, हलगी छातीशी, आणि दोन्ही हात हलगीवर असे टेकलेले जसे झोपलेल्या लेकराच्या पाठीवर ठेवावेत. डावीकडं मारुतीचं देऊळ होतं. देऊळ कसलं, जरा मोठा कोनाडाच म्हणा, शेंदरानं माखलेला. पायरीवर एक म्हातारी रुईच्या माळा विकत बसली होती आणि तिच्या शेजारी एक माणूस कलिंगड कापत होता. दोघांनी आमच्याकडं ढुंकूनही पाहिलं नाही. देऊळ मागं पडलं. कोपऱ्यावरच्या नळाशी पोचताच आबाचे हात उठले आणि तोड वाजली, तीही कशी, जिथं पडायला हवी तिथंच, जणू मधली गल्ली कुणी कापून काढली आणि दोन टोकं शिवून टाकली. सगळे ओरडले, चालंल त्याची.

फेरी संपली तसा मंडळाच्या खोलीपुढं चहा झाला. कानिफनाथ मास्तर दिवसा शाळेत शिकवतात आणि संध्याकाळी आमच्या वस्तीत पेटी घेऊन बसतात. त्यांना गाण्यातलं कळतं, आणि कळतं हे त्यांनाही कळतं. बशीतला चहा फुंकत ते म्हणाले, "भिमाजी, आज ती मधी थांबायची जागा काय घेतलीस रे. काळीज हललं माझं. आता दर वेळेला तिथं थांबत जा."

आबा त्यांच्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "कंची जागा, मास्तर?"

सगळे हसले. मोठा वाजवणारा असंच बोलतो असं त्यांना वाटलं असणार. आबाही हसला, पण उशिरा, आणि हसता हसता त्यानं माझ्याकडं पाहिलं. जे आपल्याला कळलं नाही ते हिला शाळेत शिकवलं असेल, असं तो हल्ली माझ्याकडं बघतो. मला कळलं होतं. त्या सगळ्या गर्दीत मला एकटीलाच कळलं होतं, आणि एरवी एखादी गोष्ट मला एकटीला कळली की कधी एकदा सांगते असं मला होतं, शाळेत तर माझा हात वर जायच्या आत तोंड उघडलेलं असतं. पण त्या दिवशी मी बशी हातात धरून बसले आणि चहावर साय धरली तरी मला तो पिववेना.

कारण ती जागा माझ्या ओळखीची होती. नगरातली नव्हे, आमच्या गावातली, जामखेडच्या अलीकडची. लढाई सुरू झाली, कॅम्पातल्या गोदामाला माणसं हवी झाली, तेव्हा आबा आम्हाला घेऊन भिंगारला आला. मी सांगते ती त्याच्या आधीची मी, नाक वर ओढत छबूच्या परकराला धरून चालणारी. छबू माझी चुलतबहीण, कारभारी तात्याची थोरली. आमचा मांगवाडा ओढ्याच्या अंगाला आणि मोठ्या रस्त्याला लागायची वाट गावातून, म्हणून आमच्यातल्या लग्नाची वरात मारुतीच्या पारावरूनच न्यावी लागे. पाराच्या अलीकडं एक चिंच होती, तिच्यापर्यंत वाजत जायचं. चिंच आली की हलगी बंद, सनई बंद, तोंडं बंद. तसंच मारुती ओलांडून पलीकडच्या आडापर्यंत जायचं आणि आड आला की पुन्हा सुरू. थांबा असं कुणी म्हणत नसे. मला तर वाटायचं, लग्न असंच असतं, त्यात हळद असते, अक्षता असतात आणि एक गप्प जागा असते. आणि खरं सांगू का, मला ती गप्प जागा आवडायची. तिथं बारीकसारीक ऐकू यायचं. नवरीची जोडवी, धुळीत पडणारे पाय, कुणीतरी आतल्या आत गिळलेला खोकला, पारावर तळहातावर मळली जाणारी तंबाखू. छबू माझ्या कानाशी लागून म्हणायची, श्वास घेऊ नको, मारुतीला ऐकू जातं. आणि मी गाल फुगवून आडापर्यंत श्वास धरायची, आणि सुटला की दोघी पोट धरून हसायचो. आता ते आठवलं की माझ्या कानाच्या पाळ्या गरम होतात. मी त्याला खेळ समजत होते. मला त्यात जिंकायलासुद्धा आवडायचं.

आणि लग्न पाटलांच्या घरचं असलं म्हणजे? तोच आबा, तीच हलगी, तोच मारुती, आणि त्याच चिंचेपाशी त्यांची माणसं ओरडायची, हं भिमा, आता उडव. नवरदेव मारुतीपुढं नारळ फोडेपर्यंत आबा गुडघ्यांवर बसायचा, मागं वाकून डोकं मातीला टेकवायचा, हलगी तोंडावर धरून वाजवायचा, आणि पारावरची माणसं वाहवा म्हणायची. लांब उकिरड्यापाशी उभी राहून मी टाळ्या वाजवायची, कारण तो माझा बाप होता. म्हणजे मारुतीला हलगीचा विटाळ नव्हता. कातडं तेच, हात तेच. चालत नव्हतं ते आमचं हसू. हे मला त्या रविवारी दुपारी आईजवळ डाळ निवडताना सुचलं आणि मी खडा टाकायच्या ऐवजी डाळच टाकत बसले. आणि त्याच्या मागोमाग दुसरं सुचलं, ते जास्त वाईट होतं. नगरात आल्यावर आबानं लोकांच्या वराती काय कमी वाजवल्या? याच गल्लीतून वाजवल्या, याच मारुतीपुढून, मी पाहिल्या आहेत, आणि त्याचे हात एकदाही थांबले नव्हते. थांबले ते आमच्या गाण्याला. डोक्याला कळायच्या आधी त्या हातांना कळत होतं की हा आनंद दुसऱ्याचा आहे का आपला, आणि आपला असला की ते खाली बसत होते, हाकलायच्या आधी उठून जाणाऱ्या माणसासारखे. आईनं माझ्या हातातलं सूप ओढून घेतलं. शिकून शिकून डोळे गेले का तुझे, म्हणाली.

दुसऱ्या दिवशी गाण्याच्या तासाला सरोजिनीबाईंनी माझ्या बोटांवर पट्टी मारली. त्या प्रार्थना शिकवत होत्या आणि मी बाकाच्या कडेवर आबाची तोड वाजवत होते, वाजवून मुद्दाम थांबत होते, थांबताना आत काय होतं ते बघायला. काहीच होत नव्हतं. मुद्दाम थांबलं की ते नुसतं थांबणं असतं. बाई वाईट नाहीत. माझा आवाज रानटी आहे पण खणखणीत आहे असं त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या आहेत आणि मला पहिल्या रांगेत उभं करतात. मुक्ता, हात गप्प ठेवता येत नाहीत का, असं त्यांनी विचारलं आणि मला असं काही हसू फुटलं की उरलेला तास वर्गाबाहेर काढावा लागला, आणि बाहेर गेल्यावर कळलं की ते हसू नव्हतं. मधल्या सुट्टीत सुमेधा आली. ती वकिलांची मुलगी, माझी मैत्रीण, म्हणजे शाळेच्या फाटकापर्यंत. मी कुणाचं नाव न घेता तिला विचारलं, एखाद्याचे हात त्याला न विचारता थांबले तर गं? ती चिंचोका चोखत म्हणाली, "अगं, आमचे काका सोवळ्यात असले आणि कुणी समोर आलं की आपोआप हात मागं घेतात. झोपेतसुद्धा घेतात, काकू सांगते. सवय गं ती, दुसरं काय." तिनं ते इतकं सहज सांगितलं की मला राग यायलाही जागा सापडेना. पण त्या काकांचे झोपेत मागं सरणारे हात मला दिवसभर दिसत राहिले, गोरे, स्वच्छ, नखं कापलेले, आणि त्यांच्या समोर आबाचे काळे हात, हलगीवर टेकलेले. आणि वाटलं की दोघांना कुणी एकाच पंतोजीकडं घातलं होतं, एकाला एका बाजूनं शिकवलं, दुसऱ्याला दुसऱ्या.

मग छबूचं लग्न ठरलं. नवरा कर्जतकडचा, लग्न वैशाखात, आणि सांगावा धाडायच्या ऐवजी कारभारी तात्या स्वतःच नगरला आला, कारण गोष्ट मंडळाच्या कानावर आधीच गेली होती. मंडळाच्या बैठकीत मास्तर उभे राहिले. आता कायदा झाला आहे, म्हणाले, वाट, विहीर, पाणवठा, कुठंही आपल्याला अडवता येणार नाही. पण कायदा कागदावर मुका असतो, तो वाजवून दाखवावा लागतो. तेव्हा आपण सगळे जाऊ आणि भिमाजीच्या पुतणीची वरात चिंचेपासून आडापर्यंत वाजत नेऊ. मी टाळी वाजवली, माझ्यामुळं सगळ्यांनी वाजवली. तात्या दारापाशी पटका मांडीवर ठेवून बसला होता. तो टाळ्या संपेपर्यंत थांबला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "तुमी वाजवून मोटारीत बसून याल. सकाळी पाटलाच्या दारात मलाच हुभं ऱ्हायचं हाय."  मास्तर चष्मा पुसायला लागले. तात्याच पुढं म्हणाला, जणू स्वतःचीच चहाडी करत असावा, "छबी तर म्हनती, मुकी वरात असंल तर मला वरातच नगं. मी आपली चालत जाती नवऱ्याच्या गावाला, प्रेतामागं गेल्यागत." मग सगळ्यांच्या माना आबाकडं वळल्या, कारण हलगी त्याची होती. आबा म्हणाला, "वाजवीन की." बस, एवढंच. या वेळी मी टाळी वाजवली नाही. हे सगळे शहाणे लोक जिच्यावर एवढा डाव लावून बसले होते ती गोष्ट आबाच्या हातात नव्हती. त्या चिंचेखाली त्याचे हात पुन्हा टेकले, तर कुणी म्हणणार नाही की हे हात आहेत, आबा नव्हे. सगळे म्हणतील, भिमाजी वाकला. पाटील तर काही म्हणणारही नाहीत, नुसते तंबाखू मळतील. आणि छबू सगळ्या मंडळासकट, कायद्यासकट, झेंड्यासकट त्या गप्प जागेतून जाईल, आणि यावेळी ती गप्प जागा आम्ही आमची आम्ही केलेली असेल.

सांगावं की न सांगावं, यात वैशाख उजाडला. एकदा वाटायचं, सांगितलं तर तो तिथं पोचेपर्यंत त्याच विचारात राहील आणि नक्की थांबेल. एकदा वाटायचं, नाही सांगितलं तर तो काहीच विचार करणार नाही आणि नक्की थांबेल. मी रोज शाळेतून येताना त्या गल्लीतून येऊ लागले. रुईच्या माळांची म्हातारी मला ओळखायला लागली, पोरी कसला नवस बोललीस, म्हणाली. निघायच्या आदल्या संध्याकाळी आबा अंगणात चिपाडांचा जाळ करून हलगी शेकत बसला होता. कातडं तापून ताणलं की तो नखानं टिचकी मारून बघतो आणि ती टिचकी मला घरात कुठंही असले तरी ऐकू येते. मी जाऊन समोर बसले.

"आबा, त्या रैवारी तू थांबला हुतास." घरी बोलताना माझी शाळेतली भाषा कुठं जाते कोण जाणे.

"कवा?"

"गल्लीत. मारुतीपुढं. मास्तर म्हनले ती जागा न्हवती. तू थांबलास."

त्यानं हलगी जाळावर फिरवली, उलटी केली, पुन्हा फिरवली. "मी न्हाई थांबलो, मुक्ते."

"मग कोन थांबलं?"

त्यानं हलगी खाली ठेवली आणि दोन्ही हात जाळाच्या उजेडात पुढं धरून पाहिले. बाजारातून आणलेल्या बैलाची खोड घरी आल्यावर कळावी तसा तो त्यांच्याकडं बघत होता. मला वाटलं, आता चिडेल. तो चिडला असता तर बरं झालं असतं. "माज्या बापानं मला वाजवायला मागनं शिकवलं," तो म्हणाला. "आदी थांबायला शिकवलं."

मग त्यानं जे सांगितलं ते तुकड्यातुकड्यांनी, मधेमधे टिचकी मारत. म्हातारा त्याला चिंचेखाली न्यायचा, त्याची मनगटं मागून आपल्या हातांत धरायचा आणि आडापर्यंत चालवायचा, पुन्हा मागं, पुन्हा चिंच. वराती नसतानाही. ऊन असो, काही असो. मनगटावर वळ उठायचे. पोर रडलं तरी सोडत नसे, कारण म्हाताऱ्याचा एक भाऊ होता, मोठा वाजवणारा, तो स्वतःच्या लग्नात आनंदाच्या भरात थांबायचं विसरला होता. त्याचं काय केलं, असं मी विचारलं. आबा म्हणाला, त्यानं नंतर कधी वाजवलं नाही, आणि वाजवलं नाही म्हणजे वाजवता येईल असं काही गावानं त्याच्याजवळ ठेवलं नाही. म्हणजे तो म्हातारा आपल्या पोराचे हात शाबूत ठेवत होता. त्याच्याजवळ माया करायला तेवढीच एक रीत होती.  माझ्याजवळ आयतं वाक्य तयार होतं, गुलामगिरीवरचं, मास्तरांचंच, ते मी तसंच ठेवलं आणि जाळात एक चिपाड सारलं. आतून आई म्हणाली, पोरीच्या नादी लागून आता शाबूत हात मोडून घ्या म्हणजे झालं. आबानं तिकडं लक्ष दिलं नाही. हलगी उचलून म्हणाला, "हातांचं मी बगतो. तू गळ्याचं बग." मला हसू आलं. माझ्या गळ्याला काय बघायचं होतं?

सर्व्हिस मोटारीनं जामखेडच्या अलीकडं उतरलो आणि पुढं गाडीवाटेनं चालत. लग्न लागलं, पंगती उठल्या, आणि उन्हं कलताना वरात निघाली. छबू गाडीत, हळदीनं पिवळी, मुंडावळ्यांतून माझ्याकडं बघून म्हणाली, शाळेत जाऊन लई वाळलीस गं, तुला तितं खायला देत न्हाईत का नुस्ती अक्षरंच देत्यात. तिला भीती वाटत होती की नाही मला कळलं नाही. तात्या बैलांच्या पुढं कासरा धरून चालत होता आणि त्याचा चेहरा लेकीच्या लग्नातल्या बापाचा नव्हता. आम्ही पुढं. मास्तर, आबा, मी. मांगवाड्यापासून चिंचेपर्यंत आबा असा वाजवत होता की ओढ्यातले दगड नाचावेत. मी गात होते आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून त्याची मनगटं बघत होते. चिंच आली. तिच्या सावलीत पाय पडताच गार वाटलं. पारावर माणसं होती, बरीच, मधे गहिनीनाथ पाटील, मांडीवर पानाचा डबा. मी विचारलं, वाट ही कुनाची. आणि तोड आली.

आली, पण ती तोड नव्हती. आबाचे हात उठले होते, पडत होते, पण कुठंही पडत होते. उजव्या हातातलं टिपरू एका वाटेनं, डाव्यातली काडी दुसऱ्या. पत्र्यावर कुणी मूठभर खडे फेकावेत तसा आवाज. ज्या माणसाला मी झोपेतही बेताल झालेला ऐकला नव्हता तो भर वरातीत, सगळ्या गावासमोर लय टाकून वाजवत होता, आणि त्याच्या मानेच्या शिरा अशा ताठल्या होत्या जणू त्याची मनगटं कुणी मागून धरून ठेवली होती आणि तो ती वर उचलत होता, दर ठोक्याला नव्यानं. मी सगळ्यांच्या उत्तराची वाट पाहिली. मागं कुणी काही म्हणालं नाही. पेटी थांबली होती; मास्तरांची बोटं पट्ट्यांवर तशीच. कोपरगावाकडचे ते, त्यांचा या चिंचेशी काय संबंध? पण प्रत्येकाचं एकेक गाव असतं. मग म्हटलं, मी आहे ना, मी उचलते, आणि उचलायला गेले तर छाती हलेना. मला वाटलं दम लागला. नंतर कळलं की माझे गाल फुगले आहेत. मी श्वास धरला होता. मला कुणी मनगट धरून शिकवलं नव्हतं, मी तर हसत खेळत शिकले होते, आणि माझं बाकी सगळं, आठवीतला पहिला नंबर, पहिली रांग, सगळं त्या फुगलेल्या गालांच्या बाहेर उभं होतं. त्या शांततेत आबाची ती वेडीवाकडी हलगी एकटीच.

गहिनीनाथ पाटील रागावले नाहीत. पाहुण्याचं धोतर सुटलेलं त्याला हळूच सांगावं तशा सुरात ते म्हणाले, "भिमा, आरं इसरला का काय तू? हितं थांबायचं अस्तं."

"इसरता येत न्हाई, पाटील," आबा म्हणाला, हलगीच्या वरताण मोठ्यानं. "म्हनून तर वाजीवतोय."

माझा श्वास सुटला तो किंचाळीसारखा. शब्द कुठले, सूर कुठला, मी नेहमी त्याच्या ठोक्यावर पाय ठेवून वर चढते आणि तिथं ठोकाच नव्हता, म्हणून मी कशीही, कुठूनही शिरले. वाट ही कुनाची. आवाज फाटला. त्याची हलगी एकीकडं, मी दुसरीकडं, एकमेकांच्या आड येत, अडखळत, मारुतीच्या समोरून. सरोजिनीबाईंनी ऐकलं असतं तर कान झाकले असते. इतकं वाईट आम्ही दोघांनी कधी केलं नव्हतं. शेंदराचा तेलकट वास आला, मागं पडला. आड आला. आणि मला वाटलं झालं, ओलांडलं. मागं वळून पाहिलं तर मागं कुणीच नव्हतं. गाडी चिंचेखालीच उभी होती. तात्यानं बैल धरून ठेवले होते, त्याची मान खाली, आणि सगळं वऱ्हाड त्या गाडीच्या मागं. मधली वाट रिकामी. आम्ही ओलांडलं होतं म्हणजे दोघांनीच ओलांडलं होतं. गाडीतून छबूचा आवाज आला, नवरीनं असं ओरडायचं नसतं, पण ती ओरडली, "मुक्ते, मी अजून हिकडंच हाय."

आबा मागं फिरला. हलगी न थांबवता तो परत चालत गेला आणि मारुतीच्या बरोबर समोर, पाराला पाठ करून, उभा राहिला. मी त्याच्या शेजारी. तात्यानं आमच्याकडं पाहिलं.  मग त्यानं बैलांना हाक घातली. गाडी निघाली, आमच्या समोरून गेली, छबूनं मुंडावळ्या बाजूला केल्या होत्या आणि ती सगळ्यांकडं सरळ बघत होती, पारावरच्यांकडंसुद्धा. मागून माणसं, पहिली घाईघाईनं, माना घालून, मग एकानं तोंडातल्या तोंडात म्हटलं, चालंल त्याची, मग आणखी कुणी. मास्तर गेले, त्यांच्या पेटीतून एक सूर निघाला. बाया गेल्या. सगळ्यांत मागं आई, डोक्यावर रुखवताची पाटी; ती आमच्याजवळ आली, आबाकडं तिनं पाहिलं नाही, पदर कमरेला खोचला आणि मारुतीपुढून इतकी हळू गेली, जितकं हळू माणसाला जाता येतं.

आता वाटेवर कुणी नाही. वरात आडाच्या पलीकडं पोचली आहे, तिकडून मला हाका ऐकू येत आहेत, चला, या आता. पारावर पानाचा डबा मिटल्याचा आवाज झाला, माणसं उठून उभी राहत आहेत, एकेक, वहाणा शोधत. मी आबाच्या दंडाला हात लावते. तो वाजवतोच आहे. आणि मी गातेच आहे, आणि आता थांबायचं कसं ते आम्हा दोघांनाही येत नाही.